माया न सोडता शिवलेली सॅक

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली आठ अंगं मी परवा सतरंजीवर मोजून पाहिली. दोन्ही गुडघे टेकत नाहीत, तेव्हा सध्या हा षडांग नमस्कारच समज. उरलेली दोन अंगं डॉक्टरांनी परवानगी दिली की पाठवतो.)

तुझा खोकला कसा आहे? वहिनीची पाठ? हे फोनवर विचारायला हवं होतं, पण फोनवर ते जमत नाही. दर रविवारी तू विचारतोस, बरं आहे ना. मी म्हणतो, बरं आहे. तू म्हणतोस, बरं मग. मी म्हणतो, बरं. मागच्या रविवारी मी घड्याळ लावून पाहिलं. अडतीस सेकंद झाले, आणि त्यातले सहा तुझ्या खोकल्याचे. एवढ्या वेळात चार वेळा 'बरं' येऊनही फोन ठेवल्यावर मला काही बरं वाटत नाही. तुलाही वाटत नसावं. म्हणून हे पत्र. पत्रात निदान मधे कुणी 'बरं मग' म्हणत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की आपल्या जुन्या तंबूच्या लोखंडी खुंट्या तुझ्या माळ्यावर आहेत. बारा होत्या, एक तू दरीत टाकलीस, म्हणजे अकरा असतील. त्या मला हव्या आहेत. बाकी काही नको. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तू निर्धास्तपणे वाचशील.

झालं असं की डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. मी म्हटलं, चालतो की, बाजारापर्यंत. ते म्हणाले, आणि? मी म्हटलं, आणि परत. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. (माझे दिवस कसे जातात हे त्यांना एवढ्यावरून बरोबर कळलं. हुशार माणूस.) घरी आलो आणि मनात आलं की आपण दोघं जायचो ती डोंगराची धार एकदा पुन्हा चालून यावी. दोन दिवसांची वाट, मधे एक मुक्काम, बरोबर कुणी नको, गडबड नको. माळ्यावरून माझी जुनी सॅक काढली. ती उघडली आणि आतला पाणी अडवणारा लेप कोंड्यासारखा माझ्या अंगावर पडला. वासही असा की ओला कुत्रा बरा. चाळीस वर्षांत माझं जे झालं तेच तिचंही झालं होतं, म्हणून मी तिला काही बोललो नाही.

मग मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं अदबीनं विचारलं की सॅक कुणासाठी हवी आहे. माझ्यासाठी म्हटल्यावर तिनं मला चाकांच्या बॅगा दाखवल्या. मी हट्टच धरला तेव्हा सॅक दाखवली. तिच्या छातीवरच्या पट्ट्याला एक लहान शिट्टी होती. ही कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, संकटात वाजवायची, म्हणजे बरोबरच्या माणसाला ऐकू जाते. मी ती सॅक परत खुंटीला लावली. शिट्टीबरोबर माणूस देत नाहीत हे विचारायची गरजच नव्हती.

तेव्हा ठरवलं, आपलं आपण शिवायचं. सदतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले, एका रेघेत गावं बसवली, तर पाठीवर बसणारी एक पिशवी काढता येणार नाही? आणि हिचं शिलाई मशीन मागच्या खोलीत होतंच. ही गेल्यापासून त्यावरची खोळ मी काढली नव्हती. झाडलोट करताना तेवढा भाग वळसा घालून जायचो. त्या दिवशी काढली. मशीन तेल दिल्यासारखं फिरलं. खालच्या बॉबिनवर पिवळा दोरा होता, अर्धा संपलेला. शेवटी ती काय शिवत होती ते मला आठवेना. पिवळं काहीच घरात नाही. मी सगळी कपाटं पाहिली दादा, उशांचे अभ्रेसुद्धा उलटे करून पाहिले. काहीतरी अर्धवट राहिलं असणार, आणि मी शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो आणि विचारलंही नाही. असो.

आता कापड. पावसाला दाद न देणारं आणि तरीही वजनाला हलकं असं कापड निवडणं म्हणजे वरसंशोधन आहे. कापड जाड घेतलं तर पाणी अडतं पण खांदे मोडतात, पातळ घेतलं तर खांदे वाचतात आणि माणूस भिजतो. (पूर्णपणे पाणी न शिरणारी वस्तू मी आजवर एकच पाहिली आहे, आपला थोरला मामा. त्याला काहीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.) छत्र्यांचं, रेनकोटांचं आणि गाड्यांवर घालायच्या आच्छादनांचं कापड विकणारं एक दुकान सापडलं. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात साखळीचा चष्मा आणि त्याच साखळीला कात्री. कापड हवंय म्हटल्यावर त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, फुंका. मला वाटलं चेष्टा करतात. तर तसं नाही. कापडाला तोंड लावून जोरात फुंकायचं, पलीकडे हात धरायचा. वारा गेला तर पाणीही जाणार. मी एकोणीस कापडं फुंकली. विसाव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा त्यांनी स्टूल दिलं. छत्रीचं कापड न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी मला बासरी शिकवता का म्हणून विचारलं.

बाईंनी मग कापडशास्त्र समजावलं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू सकाळी नाकावर येतो. पॉलिएस्टर ताठ राहतं. लेप सिलिकॉनचा असेल तर तो आपल्या सॅकसारखा सोलवटत नाही, पण कापड माशासारखं निसटतं. आणि कापड किती पाणी सोसतं ते मोजायचं असतं, त्यावर पाण्याचा उभा खांब धरला तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत टिकतं यावरून. मिलिमीटर हा शब्द ऐकला आणि दादा, मला एकदम माझ्या घरी आल्यासारखं वाटलं. एक कापड तर असं की त्यात बारीक चौकड्या विणलेल्या, म्हणजे फाटलं तरी चीर पुढच्या चौकडीत जात नाही. तुला सांगतो, हुबेहूब आलेखाचा कागद. माझं मन तिथंच बसलं होतं, पण मोजणी खात्याचा माणूस नुसत्या मनाचं ऐकत नाही. मी सहा नमुने घरी आणले.

घरात कप सहा. सहाही कपांच्या तोंडाला एकेक कापड रबरानं ताणून बांधलं, वर खळगा करून पाणी भरलं, खाली चिठ्ठी, आणि सगळे जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. दर तासाला उठून आत थेंब पडला का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. (दर तासाला उठण्याजोगं काम मिळालं की दिवस कसा भरून जातो ते तुला नाही कळायचं, तुझ्याकडे नातवंडं आहेत.) दुसऱ्या दिवशी चार कप कोरडे राहिले, तरी सहाही तसेच मांडून ठेवले. मग पुढची परीक्षा. न्हाणीघरात स्टूल ठेवलं, डोक्यावरून त्या चारांतल्या एकेका कापडाचा उरलेला तुकडा घेतला आणि शॉवरखाली बसलो, प्रत्येकी वीस मिनिटं. तिसऱ्या कापडाच्या वेळी दार वाजलं. तसाच, डोक्यावर कापड धरून, दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्याच्या छतातून पाणी गळत होतं, तेही खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटच्या बरोबर तोंडात. पेशंटला ते उपचाराचाच भाग वाटलं, म्हणून बराच वेळ कुणाला कळलं नाही.

डॉक्टर रागावायला आले होते, पण माझ्याकडे बघून त्यांना कुठून सुरुवात करावी ते सुचेना. मी म्हटलं, बसा, चहा टाकतो. आणि मग लक्षात आलं की घरात एकही कप रिकामा नाही. सहाही कप कामावर. तसं पाहिलं तर महिनाभरात माझ्याकडे आलेले ते पहिले पाहुणे, आणि त्यांना मी चहा स्टीलच्या वाटीत दिला. त्यांनी तो घेतलाही. जाताना कपांच्या ओळीकडे बघून त्यांनी विचारलं, कोणता पुढे आहे? मला ते फार आवडलं. संध्याकाळी मी मुद्दाम खाली जाऊन निकाल सांगून आलो. जिंकली चौकडीच.

कापड आणलं आणि कापायला बसलो. इथं तुझ्या धाकट्या भावाची खरी कर्तबगारी सुरू होते. कागदावर सॅकचा आराखडा काढला, प्रत्येक बाजू मिलिमीटरमध्ये. तू मला लहानपणी 'मिलिमीटर' म्हणून चिडवायचास ते उगीच नाही. आराखडा कापडावर ठेवला आणि बरोबर रेघेवरून कात्री चालवली, एक घाव दोन तुकडे. एका बाजूला केसाइतकंही कापड जास्त नाही. आठ दिवस शिवत होतो. वर करडा दोरा आणि खाली तोच पिवळा, बदलवेना. पिवळा एका टिपेच्या मधेच संपला. मशीन आपलं पुढे चालत राहिलं, नुसती भोकं पडत गेली, आणि मी बराच वेळ तसाच पायडल मारत होतो. मग दुसरा दोरा भरला. सॅक पूर्ण झाली तेव्हा तिच्यात एक पाण्याची बाटली आणि एक टॉवेल एवढंच मावलं. टॉवेलही पिळून. पाठीवर घातली तर शाळेतल्या मुलाची दिसली, आणि वाकल्याबरोबर कडेची शिवण टरकन उसवली.

तशीच कापडाच्या बाईंकडे घेऊन गेलो, कापड खराब आहे म्हणून भांडायला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. बाईंनी सॅक उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "काका, माया किती सोडलीत?"

आता दादा, भर दुकानात, ओळख ना पाळख, एका बाईनं असं विचारल्यावर माणूस काय करील? मला वाटलं खालच्या दातांच्या डॉक्टरांकडून या बाईंना सगळं कळलं असेल. ही गेली ते, खोळ घातलेलं मशीन, सगळं. आणि विचारलंही इतकं सरळ की मीही सरळ सांगून टाकलं. म्हटलं, "काय सांगू बाई. दोन वर्षं झाली, पण अजून सुटत नाही."

बाईंच्या हातातली सॅक हातातच राहिली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी कापडाचं विचारतेय, काका."

शिवणीसाठी रेघेच्या बाहेर जे जास्तीचं कापड ठेवायचं असतं, त्याला माया म्हणतात. सदतीस वर्षं रेघा ओढल्या, पस्तीस वर्षं शिवणाऱ्या बाईशी संसार केला, आणि हा शब्द मला माहीत नव्हता. बाईंनी समजावलं. रेघेवर कापलं की शिवण कापड खाते आणि वस्तू आखडते, आणि टाका धरायला काही उरत नाही म्हणून ओढ बसली की उसवते. जास्तीची माया ठेवली तर पुढे सैल करता येतं, नंतर मात्र ती कुठून आणून जोडता येत नाही. छत्रीवाले गृहस्थ (तेच, बासरीचे) मान हलवत होते. त्यांनी मला स्टूल दिलं.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तोच शब्द. तुला आठवतंय? नसेल आठवत असं म्हणून मी दोन वर्षं स्वतःची समजूत घातली, पण तुला आठवतंय हे मला ठाऊक आहे. ही गेल्यावर तू नऊ दिवस माझ्याकडे राहिलास. भांडी घासलीस, ती कधी वहिनीसमोर घासली नसशील. जायच्या दिवशी दारात बूट घालताना म्हणालास, चल आमच्याकडे, राहा थोडे दिवस. आणि मी म्हणालो, मला कुणाची गरज नाही. मोजून चार शब्द, बरोबर रेघेवरून कापलेले. तू दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच जिना उतरलास. मी वरून बघत होतो, पडशील म्हणून, आणि तरी हाक मारली नाही. त्या चार शब्दांच्या बदल्यात मला आता दर रविवारी चार 'बरं' मिळतात. त्याबद्दल तुला दोष नाही. चुकलं माझं, आणि ते मी दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तर सॅक सोडून मी तंबू हातात घेतला आणि या वेळी माया ठेवली. अशी ठेवली की विचारू नकोस, सगळ्या बाजूंनी हातभर. शिवून झाल्यावर तंबू बाहेरच्या खोलीत उभा केला. एक टोक सोफ्याच्या पायाला, एक टेबलाला, एक दाराच्या कडीला. खिडक्या उघड्या टाकल्या, डोंगरावरची हवा म्हणून, आणि रात्री आत झोपलो. सकाळी उठतो तर आतून सगळा ओला. घरात, छताखाली, पाऊस नसताना! मला आधी डॉक्टरांचा संशय आला, पण ते राहतात खाली, आणि पाणी खालून वर गळत नाही. पुन्हा दुकान. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, आत किती जण होते? एकटाच, मी म्हटलं. तर म्हणाल्या, मग ते पाणी तुमचंच. माणूस रात्रभर श्वासातून पेलाभर पाणी टाकतो, आणि हे कापड बाहेरचं आत येऊ देत नाही तसं आतलंही बाहेर जाऊ देत नाही. ते तिथंच जमतं आणि पहाटे आपल्याच तोंडावर पडतं. वर झरोका हवा.

एवढं पाणी माझ्यातून रोज जात असेल तर ते एरवी जातं कुठे, असा विचार करत मी घरी आलो.

आता झरोका बसवतोय. सगळं नीट चाललं आहे. पुढच्या महिन्यात धार चालून येईन, एकटा, अगदी आरामात. माझी काळजी करू नये. खुंट्यांचं तेवढं बघ. वहिनीस नमस्कार (षडांगच), नातवंडांना आशीर्वाद, तुला खोकल्याचं औषध.

तुझा धाकटा,
मिलिमीटर

ता. क. खुंट्या पोस्टानं पाठवू नकोस. लोखंड आहे, पार्सल जड होईल आणि पोस्टमनच्या पाठीचं काही झालं तर आपल्याला बोल लागेल. कुणी येणार असेल तर त्याच्या हाती पाठव. इकडे कुणी येत नसतं हे मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, घाई नाही, ज्याला यायचं आहे त्यानं सवडीनं यावं. कप मी धुऊन ठेवले आहेत.

आणखी एक ता. क. खरं सांगायचं तर खुंट्यांची काही गरज नाही. बाईंकडे हलक्या खुंट्या मिळतात, मी त्या मागच्याच आठवड्यात आणल्या. आणि तंबूत हातभर मायेमुळे एक गंमत झाली आहे. उसवून सैल केल्यावर मी आत आडवा झालो तर डाव्या बाजूला एक माणूस निजेल एवढी जागा उरली. बाईंनी झरोक्याचं माप ठरवायला विचारलं, आत किती जण झोपणार, कारण दोन माणसं म्हणजे दोन पेले पाणी. माझ्या तोंडून दोन असं गेलं. त्यांनी तसं लिहूनही घेतलं. आता मला त्या बाईंपुढे खोटं पडायचं नाही. झरोके दोन ठेवले आहेत, एक तुझ्या घोरण्याच्या बाजूला.

शेवटचा ता. क. चौकडीचं कापड एका सॅकपुरतं घडी करून ठेवलं आहे, अजून कापलेलं नाही. तुझ्या पाठीची लांबी कळव, मानेखालच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत. मोजायला वहिनीला सांग. तू स्वतः मोजलंस तर इंचभर वाढवशील, लग्नाच्या वेळी उंची वाढवून सांगितली होतीस तशी, आणि वहिनी अजून तो इंच शोधते आहे. पण वहिनीला वेळ नसेल तर तूच मोज, आणि वाढवून सांगायचं तर खुशाल सांग. या खेपेला मी माया ठेवणार आहे.